मुक्काम पोस्ट मायानगरी

जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातील काही आमदार गुवाहाटीच्या एका हॉटेलात जाऊन राहिले होते. त्या वेळी सांगोल्याच्या आमदारांनी आपल्या एका कार्यकर्त्याशी दूरध्वनीवर केलेले संभाषण चार दिवसांत घरोघरी पोहोचले. झाडी, डोंगर आणि हाटील या तीन गोष्टींचे त्यांनी अस्सल माणदेशी थाटात केलेले कौतुक ऐकून सारा महाराष्ट्र हसला. मीही हसलो. पण नंतर विचार करता वाटले की हॉटेलाची परीक्षा करण्याची यापेक्षा चांगली रीत सहसा सापडणार नाही. आधी झाडी, मग डोंगर आणि शेवटी हॉटेल. म्हणजे इमारत कशी आहे हे सांगण्यापूर्वी ती कोठे उभी आहे आणि तिच्या खिडकीतून काय दिसते ते सांगावे, हा तो क्रम. राजकारणाचे राजकारणी लोक पाहून घेतील. आपण हा क्रम तेवढा उचलू या.

जगात असे हजारो लोक आहेत की ज्यांना दुसरा वादाचा विषयच नाही. ते हॉटेलवाले नव्हेत आणि वास्तुशिल्पीही नव्हेत. ते थीम पार्कचे शौकीन आहेत. एखाद्या थीम पार्कने नवे हॉटेल बांधावयास घेतले आणि त्याचे संकल्पचित्र प्रसिद्ध झाले की या मंडळींत जणू निवडणूक लागते. छपराचा रंग, खिडक्यांचा आकार, पोहण्याचा तलाव, न्याहारीची वेळ, खोलीपासून फाटकापर्यंतची पावले, काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. वरवर पाहता हा वाद रिकामटेकडा वाटेल. पण त्याच्या मुळाशी एक खरा प्रश्न आहे, आणि उदगीर-बीदरकडून ज्या हैदराबादेला आपल्या सहली वर्षानुवर्षे जातात त्या हैदराबादेच्या वेशीवरच तो उभा आहे. म्हणून हा लेख.

प्रथम थीम पार्क म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे जत्रा पूर्वापार आहे. जत्रेत आकाशपाळणा असतो, मौत का कुआँ असतो, पण पाळणा वर गेला की देवळाचा कळस, एस.टी.चा टप आणि पलीकडचे उसाचे शेत असे सगळे एकदम दिसते. त्यातच तिची मजा. थीम पार्कचा सगळा खटाटोप याच्या उलट आहे. बाहेरचे जग आत दिसता कामा नये, हा त्याचा पहिला नियम. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू केले, तेव्हा त्यांनी उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घातला आणि त्यावरून आगगाडी फिरविली. आतल्या माणसाला बाहेरचे विजेचे खांब दिसू नयेत, हा त्यामागचा एक हेतू होता. बांधाच्या आत परीकथा आणि बांधाच्या बाहेर अमेरिका.

आता गंमत अशी की पहिले हॉटेल या बांधाच्या बाहेर पडले. उद्यान बांधता बांधता डिस्नेंचा पैसा संपत आला होता. तेव्हा जॅक राथर नावाच्या दूरचित्रवाणी-निर्मात्याने स्वतःच्या भांडवलावर शेजारी डिस्नेलँड हॉटेल काढले. ते त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झाले. डिस्नेंकडे जमीन होती सुमारे १६० एकर. भोवतालच्या जमिनीवर बघता बघता दुसऱ्यांची मोटेले, खानावळी आणि दिव्यांच्या पाट्या उभ्या राहिल्या. उद्यानामुळे येणारा प्रवासी रात्री पैसे मोजत होता ते शेजाऱ्याकडे. हा धडा डिस्नेंनी चांगलाच लक्षात ठेवला. पुढे फ्लॉरिडात त्यांच्या कंपनीने गुपचूप जमीन घेतली ती सुमारे २७ हजार एकर! आपल्याकडील कित्येक शहरे त्यात सहज मावतील. डिस्ने १९६६ मध्ये वारले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी तेथील उद्यान उघडले तेव्हा त्याबरोबर कंपनीची स्वतःची दोन हॉटेलेही उघडली, आणि शौकीन मंडळींचा वाद खरा तेथून सुरू झाला.

ही दोन हॉटेले म्हणजे दोन पंथच होत. पॉलिनेशियन नावाच्या हॉटेलात प्रशांत महासागरातील बेटाचा देखावा उभा केला होता. बैठी, उतरत्या छपरांची घरे, झाडे, पाणी. दुसरे काँटेम्पररी. ते तंबूच्या आकाराचे, काँक्रीट-पोलादाचे आणि नव्या युगाचे. त्याच्या खोल्या वेगळ्या जागी तयार करून यारीने उचलून सांगाड्यात बसविल्या होत्या, आणि एका रुळावरून धावणारी मोनोरेल गाडी इमारतीच्या पोटातून आरपार जाते. एक हॉटेल म्हणते, तुम्ही येथे नाहीतच, एका बेटावर आहात. दुसरे म्हणते, तुम्ही येथेच आहात, आणि ही पाहा गाडी. गेली पन्नास वर्षे शौकीन लोक या दोन वाक्यांभोवती भांडत आले आहेत असे म्हटले तरी चालेल.

१९९० मध्ये त्याच परिसरात मायकेल ग्रेव्ह्ज या नामांकित वास्तुशिल्पज्ञाची स्वॉन आणि डॉल्फिन ही दोन प्रचंड हॉटेले उभी राहिली. छपरांवर कित्येक पुरुष उंचीचे हंस आणि मासे! वास्तुकलेच्या अभ्यासकांनी त्यांची बरीच चर्चा केली. शौकिनांनी मात्र कपाळाला हात लावला. कारण जवळच्याच एपकॉट उद्यानात निरनिराळ्या देशांच्या इमारतींचे देखावे आहेत, आणि त्या देखाव्यांच्या पाठीमागे आकाशात हे हंस डोकावू लागले. इमारत वाईट आहे अशी ही तक्रार नव्हती. ती दिसू नये तेथून दिसते, एवढीच तक्रार. परवा परवा, डिसेंबर २०२४ मध्ये, वर सांगितलेल्या पॉलिनेशियनच्या आवारात एक नवा उंच मनोरा सुरू झाला. त्याचे चित्र पाहिल्यापासूनच ओरड चालू होती की, बैठ्या बेटावर ही सदनिकांची इमारत कोठून आली? समर्थकांचे म्हणणे असे की, खोलीत शिरल्यावर मनोरा कोणाला दिसतो? आतून बाहेरचे तळे तर झकास दिसते! दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत. एक बाहेरून हॉटेलाकडे पाहतो आहे, दुसरा हॉटेलातून बाहेर. झाडी, डोंगर, हाटील.

या वादाची दोन टोके सांगितल्यावाचून राहवत नाही. एक टोक जपानात. टोकियो डिस्नेसी हे उद्यान सप्टेंबर २००१ मध्ये उघडले, तेव्हा त्याचे मिराकोस्ता हे हॉटेल चक्क उद्यानाच्या हद्दीत बांधले होते. इटालियन बंदराच्या देखाव्यातील जी घरे प्रेक्षकांना समोर दिसतात तेच हे हॉटेल. म्हणजे एकच भिंत बाहेरच्यांसाठी देखावा आणि आतल्यांसाठी निवारा. बंदराकडची खोली मिळालेला पाहुणा खिडकीत उभा राहून खालची गर्दी पाहतो, आणि खालच्या गर्दीला तो पाहुणा देखाव्याचाच एक भाग वाटतो. मला हे फार आवडते. आपल्या जुन्या वाड्याच्या सज्जातून रथ पाहणाऱ्या बायका त्या उत्सवाचाच भाग असत, तसे काहीसे.

दुसरे टोक पुन्हा फ्लॉरिडातले. मार्च २०२२ मध्ये तेथे 'स्टार वॉर्स' चित्रपटांवर आधारलेले गॅलॅक्टिक स्टारक्रूझर सुरू झाले. शंभर खोल्या. त्यांना खऱ्या खिडक्या नाहीत, त्या जागी पडदा आणि पडद्यावर अंतराळ. पाहुण्याने दोन रात्री राहावयाचे आणि त्या दोन दिवसांच्या नाटकात स्वतःच पात्र व्हावयाचे. दोघांचा खर्च सुरुवातीला सुमारे ४,८०० डॉलर. जे गेले त्यांतील पुष्कळ जण भारावून परतले. जे गेले नाहीत ते विचारीत राहिले की, एवढ्या पैशांत पोहण्याचा तलावसुद्धा नाही? सप्टेंबर २०२३ अखेर ते बंद पडले. किंमत हे कारण तर आहेच. पण माझ्या मते आणखी एक कारण आहे. ज्या खोलीला खिडकी नाही तेथे माणूस पाहुणा म्हणून राहू शकत नाही, तो प्रेक्षकच राहतो. आणि सलग दोन दिवस प्रेक्षक राहणे दमविणारे असते, मग नाटक कितीही चांगले असो.

एवढे जग हिंडून आता हैदराबादेस येऊ.

शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर, विजयवाड्याच्या रस्त्याला, हयातनगर सोडून पुढे गेले की रामोजी फिल्म सिटी लागते. 'ईनाडु' या तेलुगू दैनिकाचे संस्थापक रामोजी राव (ते जून २०२४ मध्ये निवर्तले) यांनी १९९६ साली ती उभारली. १,६६६ एकरांचे हे चित्रपट-संकुल जगातील सर्वांत मोठे म्हणून गिनेस बुकात नोंदले गेले आहे. तिची आखणी केली नितीश रॉय यांनी. श्याम बेनेगल यांच्या 'मंडी'चे कलादिग्दर्शन करणारे तेच हे. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नगर आखण्याचे काम येथे नगररचनाकाराकडे गेले नाही, नेपथ्यकाराकडे गेले. त्यामुळे येथील भिंत माणसासाठी उभी नाही, कॅमेऱ्यासाठी आहे. एकाच इमारतीला चार बाजूंनी चार तोंडे. या बाजूने वाचनालय, त्या बाजूने आणखी काही. रेल्वे स्थानक आहे आणि गाडी उभी आहे, पण ती कोठेच जात नाही. विमानतळ आहे, पण तेथून कोणी उडत नाही. 'बाहुबली'ची माहिष्मती (२०१५ व २०१७) येथेच उभी राहिली, आणि आता लोक तिकीट काढून ती पाहावयास येतात.

येथे हॉटेले मुळात का आली? मुंबईच्या गोरेगावची चित्रनगरी १९७७ पासून आहे. पण तेथे दिवसाचे काम आटोपले की पथकातील माणूस लोकल पकडून घरी जातो. मुंबई, चेन्नईहून हैदराबादेस आलेले शंभर माणसांचे पथक रात्री कोठे जाणार? पटकथा घेऊन यावे आणि तयार चित्रपट घेऊन जावे, अशी या नगरीची मूळ कल्पना. ती खरी व्हावयाची तर नायकाच्या गादीपासून दिवे उचलणाऱ्या पोऱ्याच्या पथारीपर्यंत सर्वांची सोय आवारातच हवी. म्हणून एका दर्जाचे एक हॉटेल न होता मुक्कामाची उतरंड झाली. ऐषआरामाचे 'सितारा', त्याखालोखाल मध्यम दर्जाचे 'तारा', शेतघराच्या थाटाचे 'वसुंधरा व्हिला', स्वस्तातले 'शांतिनिकेतन' आणि गटांसाठी डॉर्मिटरी पद्धतीचे 'सहारा'.

नावांची एक मौज पाहा. सितारा आणि तारा या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, चांदणी. एक फारसीतून उर्दूत आलेला, दुसरा संस्कृतातला. दोन्हींचे मूळही एकच, आणि इंग्रजीतला स्टार हाही त्याच घराण्यातला, असे भाषाशास्त्र सांगते. दख्खनच्या राजधानीत महाग चांदणीला फारसी नाव मिळावे आणि किफायतशीर चांदणीला संस्कृत, हा योगायोग असेलही. पण निजामाच्या राज्यात वाढलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना तो नक्की हसवून गेला असता.

चित्रपटाच्या पथकासाठी केलेली ही उतरंड पुढे पर्यटकांना जशीच्या तशी मिळाली. नायकाच्या जागी सुखवस्तू कुटुंब आले, तंत्रज्ञांच्या जागी मध्यमवर्ग आणि जमावातल्या नटांच्या जागी शाळा-कॉलेजांच्या सहली. म्हणजे आपण.

गेल्या हिवाळ्यात आमची सहल तेथून परत येत असता बसमध्ये जो वाद झाला तो फ्लॉरिडाच्या शौकिनांना शोभेल असा होता. मागच्या बाकावरील वाणिज्य शाखेच्या मुलांचा आग्रह असा की, एवढी मोठी मायानगरी असता हॉटेले हॉटेलांसारखी का? एक मजला माहिष्मतीचा असावा, एक मजला आगगाडीच्या डब्याचा, एका मजल्यावर जुन्या मराठी चित्रपटातला वाडा, आणि वाढप्याने तलवार लावून इडली वाढावी! “सर, पाच वाजता खेळ संपतो आणि आपण पुन्हा साध्या माणसांत येतो. रात्रभर का नाही चालू द्यायचा?” असा त्यांच्या पुढाऱ्याचा सवाल.

त्यावर पुढच्या बाकावरची एक विद्यार्थिनी बोलली. ती एरवी वर्गात फारशी बोलत नाही. ती म्हणाली, “सर, मी आज दिवसभर प्रत्येक भिंतीवर टिचकी मारून बघत होते. सगळ्या पोकळ वाजतात. झोपायच्या खोलीची भिंत तरी भरीव वाजू दे.”

या प्रश्नावर मी पुष्कळ वाचले आहे, पण इतके नेमके उत्तर मला कोठे आढळले नाही. डिस्नेच्या उद्यानात देखावा पूर्ण असतो. तेथील घर मागूनही घर दिसेल याची काळजी घेतलेली असते. फिल्म सिटीचे आकर्षण नेमके उलटे आहे. तेथे आपण देखाव्याची मागची बाजू पाहावयास जातो. पुढून राजवाडा आणि मागून लाकडी टेकू, हे पाहून आपल्याला आनंद होतो, कारण युक्ती कळते. दिवसभर युक्त्या पाहिलेल्या माणसाला रात्री आणखी एक युक्ती दिली तर तो गादीखालीही टेकू शोधील. म्हणून बेटाच्या थाटाचे हॉटेल जेथे शोभते तेथे शोभो, चित्रनगरीत मात्र हॉटेलाने साधे, भरीव आणि खरे असावे, असे माझे मत झाले आहे. वाणिज्यवाल्यांना ते मान्य नाही. त्यांनी मला अरसिक ठरविले आहे.

इतिहास विभागाच्या एका विद्यार्थ्याने यात वेगळीच काडी टाकली. त्याचे म्हणणे असे की, खरेच पाहिजे तर खोटा राजवाडा कशाला, हैदराबादेत खरा राजवाडाच हॉटेल झालेला आहे. त्याच्या मनात होता फलकनुमा. चारमिनारपासून काही किलोमीटरवर टेकडीवर उभा असलेला हा महाल पायगा घराण्यातील नवाब विकार-उल-उमरा यांनी १८८४ साली बांधावयास घेतला. पुढे तो सहाव्या निजामाकडे गेला. कित्येक दशके बंद राहून, दहा वर्षांच्या डागडुजीनंतर, नोव्हेंबर २०१० मध्ये तो ताज समूहाचे हॉटेल म्हणून उघडला. एका वेळी १०१ माणसे बसतील असे जेवणाचे मेज तेथे आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये पंतप्रधानांनी परदेशी पाहुण्यांना मेजवानी दिली ती तेथेच.

विद्यार्थ्याचा मुद्दा बिनतोड दिसतो. पण जरा खोलात जा. या महालाचा आराखडा एका इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने केला, घाट इटालियन, आणि ग्रंथालय म्हणे इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यातील ग्रंथालयाच्या धर्तीवर. दख्खनच्या टेकडीवर युरोपचा देखावा! एकोणिसाव्या शतकातील एका उमरावाने स्वतःच्या हौसेसाठी उभारलेले हे थीम हॉटेलच नव्हे काय? आज तेथे उतरणाऱ्या पाहुण्याला फाटकापासून घोडागाडीत बसवून वर नेतात. मोटार खाली ठेवून घोडागाडीत बसविणे म्हणजे डिस्नेंच्या मातीच्या बांधाचेच काम. पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. या भिंतीवर टिचकी मारली तर ती पोकळ वाजत नाही. नक्कल केली तरी ती दगडविटांत केली, आणि सव्वाशे वर्षांनी नक्कल स्वतःच अस्सल होऊन बसली. काळ हाही एक नेपथ्यकार आहे, पण तो फार हळू काम करतो आणि कोणाच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

महाराष्ट्रात आणि कर्नाटकात काय स्थिती आहे तेही थोडक्यात सांगतो. खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झाले आणि २०१५ मध्ये त्याला लागून नोव्होटेल हे २८७ खोल्यांचे हॉटेल झाले. बंगळूरजवळ बिडदी येथे वंडरला २००५ पासून आहे आणि २०१२ मध्ये तेथे ८४ खोल्यांचे रिसॉर्ट झाले. मुंबई आणि पुणे दोन्ही खोपोलीहून दोन-तीन तासांच्या आत, बंगळूर तर बिडदीच्या उशालाच. मग रात्री राहावे कोणी आणि का? उद्यान एका दिवसात पाहून संपत असेल तर हॉटेलाला कारण उरत नाही. म्हणून इमॅजिकात २०१४ मध्ये पाण्याचे वेगळे उद्यान आले. दुसरा दिवस निर्माण झाला की मधली रात्र आपोआप निर्माण होते. आणि सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या राहू नयेत म्हणून लग्ने, कंपन्यांच्या बैठका. नवरा-नवरीला अंतराळयान नको असते, मोठे दालन आणि मोटारी लावावयास जागा हवी असते. आपल्याकडील अशी हॉटेले बहुधा बेताच्या सजावटीची का असतात याचे एक कारण हे, शौकिनांना कितीही रुक्ष वाटले तरी. (बिडदीचे नाव वाचून कन्नड विभागाच्या वाचकांना २०१७ साली तेथील एका रिसॉर्टात ठेवलेले गुजरातचे आमदार आठवले असतील. आपल्याकडे रिसॉर्ट हा शब्द उद्यानांनी रुजविला की आमदारांनी, हा संशोधनाचा विषय आहे.)

सोयींच्या बाबतीत परदेशातील शौकीन दोन गोष्टींवर अडून बसतात. एक, उद्यानात आधी प्रवेश. डिस्नेच्या फ्लॉरिडातील हॉटेलांत उतरणाऱ्यांना २०२१ पासून इतरांपेक्षा अर्धा तास आधी आत सोडतात. दोन, स्वतंत्र फाटक. त्याच भागात मे २०२५ मध्ये युनिव्हर्सल कंपनीचे एपिक युनिव्हर्स उघडले, तेथील हेलिओस या हॉटेलाचे दार थेट उद्यानात उघडते. सोयीचे खरे चलन वेळ आणि पावले हेच. तलाव, टीव्ही, संगमरवर हे सगळे त्यामागून. लहान मूल कडेवर घेऊन किंवा आजीला हाताला धरून जो मैलभर चालला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

पण या साऱ्या वादात एक जागा रिकामी राहते. शौकीन मंडळी सिताऱ्यावर भांडतात, सहाऱ्यावर कोणी भांडत नाही. संकल्पचित्र प्रसिद्ध होते ते दर्शनी दालनाचे. डॉर्मिटरीचे चित्र कोणी काढल्याचे मी पाहिलेले नाही. आणि आपल्या सहलीतील मुलामुलींचा संबंध येतो तो तिच्याशीच. आमच्या सहलीत दर वर्षी निदान पाच-सहा मुली अशा असतात की ज्यांचे घराबाहेरचे ते पहिले रात्रीचे बिऱ्हाड असते. वडील मला येऊन विचारतात ते तलावाविषयी नसते. “सर, दाराला आतून कडी आहे का? बाई कुठं झोपणार?” बस, एवढे दोन प्रश्न. त्यांच्या उत्तरावर त्या मुलीची सहल ठरते, आणि कधी कधी तिला पुढे वसतिगृहात राहून शिकू द्यावयाचे की नाही हेही ठरते. एक रात्र नीट गेली तर दुसरी मागता येते.

म्हणून डॉर्मिटरीच्या रचनेचाही हिशेब मांडून पाहू. समजा चाळीस मुली आहेत आणि न्हाणीघरे चार. एकीला दहा मिनिटे धरली तरी शंभर मिनिटे होतात. आठला बस सुटावयाची आणि त्याआधी अर्धा तास न्याहारीचा, तर पहिल्या चौघींना सहाला दहा मिनिटे कमी असतानाच उठून पाणी घ्यावे लागेल. तेव्हा गरम पाणी सहाला येते की सातला, यावर अख्ख्या दिवसाचे वेळापत्रक अवलंबून आहे. प्रत्येक खाटेला स्वतंत्र दिवा असेल तर उशिरा वाचणारी लवकर झोपणारीला त्रास देत नाही. खाटेजवळ विजेचा खटका असेल तर चाळीस मोबाइल एका कोपऱ्यात लटकत नाहीत आणि त्यांच्यावरून भांडणे होत नाहीत. खाटेखाली कुलूप लागेल असा कप्पा हवा. ओला टॉवेल वाळत घालावयास दोरी हवी. आणि बाईंची खाट दाराजवळ, पण दारासमोर नव्हे. यातील एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही. एका संगमरवरी कारंज्याच्या खर्चात अशा किती डॉर्मिटऱ्या सजतील, हे गणित मी वाणिज्य शाखेकडे सोपविले आहे.

हे लिहून झाल्यावर मी शेजारच्या कन्नड विभागातील माझ्या सहकाऱ्यांना वाचून दाखविले. पुढच्या सहलीची व्यवस्था त्यांच्याकडे आहे. दिवे, कप्पे, खटके, दोरी अशी सगळी यादी त्यांनी कागदावर उतरून घेतली आणि मग विचारले, “किटकी?” मी म्हटले, खिडकीचे लिहावयाचे राहिलेच. त्यांनी आपल्या हाताने ती यादीच्या सर्वांत वर लिहिली, आणि सामानाच्या आगाऊ रकमेचे पत्र टंकलेखनाला पाठवून दिले.